मुलीनं इंग्लिश घेतलं, पण मायनर कोणी ठरवलं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात यंदा कोणी बी.ए.ला प्रवेश घेतंय किंवा पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात जातंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून उदाहरणं इंग्रजीची देतोय. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांची गत फार वेगळी नाही.

पूर्वी बी.ए.चं गणित सोपं होतं. पुणे विद्यापीठाचा जुना पॅटर्न घ्या. पहिल्या वर्षी कंपल्सरी इंग्लिश आणि जनरलचे विषय. दुसऱ्या वर्षी एक विषय स्पेशल घ्यायचा, त्याचे एस-१ आणि एस-२, तिसऱ्या वर्षी एस-३ आणि एस-४, सोबत जनरलचा पेपर. झालं. तीन वर्षांत खरा निर्णय एकच, स्पेशल कुठला. आणि तो निर्णय घ्यायला सल्लागार घरातच असायचा. आत्याचा मुलगा, गल्लीतला दादा, एस.टी.त भेटणारी दोन वर्षं पुढची ताई. "एस-तीन अवघड जातो, कादंबरी आधीच वाचून ठेव," "क्रिटिसिझमच्या नोट्स माझ्याकडून ने," एवढ्यावर पिढ्या पार पडल्या. कॉलेजानं कधी वेगळा सल्ला दिला नाही आणि कोणाचं फार अडलंही नाही, कारण रस्ता एकच होता आणि त्यावरून आधी गेलेली माणसं होती.

आता रस्ता बदललाय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. महाराष्ट्र सरकारचा क्रेडिटच्या आराखड्याचा जीआर २० एप्रिल २०२३ चा, त्यात पुढे मार्च २०२४ मध्ये बदल झाले. स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ पासून सुरुवात केली, बहुतेक संलग्न कॉलेजं २०२४-२५ ला त्यात आली. म्हणजे आत्याच्या मुलाकडे जे ज्ञान आहे ते जुन्या पॅटर्नचं आहे. तो मनापासून सांगतो आणि चुकीचं सांगतो. जुनी बिनपगारी व्यवस्था अशी मोडली आणि तिच्या जागी पगारी व्यवस्था कोणी उभी केली नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच. धोरण चांगलं की वाईट हा वाद आज बाजूला ठेवू.

आता मुलाला काय काय निवडावं लागतं ते बघा. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, एफपी, सीईपी, आणि चौथ्या वर्षाला गेलात तर आरपी. ही औषधांची नावं नाहीत, अठरा वर्षांच्या पोराच्या पदवीचे कप्पे आहेत. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट, चार वर्षांत किमान १६०. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास शिकवणं. प्रत्येक कप्प्यात ठरलेले क्रेडिट भरलेच पाहिजेत, एका कप्प्यातले जास्तीचे दुसऱ्यात चालत नाहीत. कल्पना मुळात वाईट नाही. इंग्रजीच्या मुलानं थोडं अर्थकारण शिकावं, बाहेर जाऊन काम करावं, गावात एखादी पाहणी करावी, याला कोण नाही म्हणेल? पण हे सगळं त्याला समजेल असं सांगायला माणूस लागतो.

इंग्रजीच्या बाबतीत तर वेगळाच घोळ आहे. एकाच कॉलेजात "इंग्लिश" चार ठिकाणी असतं. मेजर म्हणून असतं, मायनर म्हणून असतं. एईसीमध्ये, म्हणजे भाषेच्या क्षमतेच्या कप्प्यात, इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषा मिळून ८ क्रेडिट असतात, ते जवळपास सगळ्यांनाच. आणि कॉमर्स-सायन्सच्या मुलांसाठी इंग्रजी विभाग "कम्युनिकेशन स्किल्स" छापाचा ओई चालवतो, तोही इंग्लिशच. मुलाच्या वेळापत्रकात इंग्लिशचे तास दिसतात, गुणपत्रिकेवर इंग्लिश दिसतं. घरी विचारलं की तो म्हणतो, "हो, इंग्लिशच आहे." कुठलं इंग्लिश, हे घरच्यांना माहीत नसतं. त्यालाही नसतं, हे मी दरवर्षी बघतो. मेजर इतिहास असलेला मुलगा दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर विचारतो, "सर, मला इंग्लिशला एम.ए. करता येईल ना? मी दोन वर्षं इंग्लिश केलंय." त्यानं एईसीचं इंग्लिश केलेलं असतं, ते सगळ्या वर्गानं केलेलं असतं. त्याला हसू नका. कागदावर शब्द एकच छापलाय, त्यात त्या पोराचा काय दोष.

ओईचीही गंमत आहे. जीआर म्हणतो, ओई हा आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. म्हणजे बी.ए.च्या मुलानं कॉमर्स किंवा सायन्सकडचा. छोट्या कॉलेजात कॉमर्सचा एकच ओई चालतो, तोही ज्या वेळेला, त्याच वेळेला मेजरचा तास. मग मुलगा फॉर्म भरताना जो दिसेल तो ठोकतो. पुढे दुरुस्ती करायची तर अर्ज, सही, विद्यापीठाची फेरी.

प्रवेशाच्या वेळी अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही, मी बोलतो. कितीतरी पालक मुलीला इंग्लिश मेजर देतात ते "इंग्लिश सुधारेल, फाडफाड बोलेल" म्हणून. ताई-दादांनो, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. यात कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा, भाषाविज्ञान, भारतीय इंग्रजी साहित्य असं शिकवतात. मन लावून केलं तर वाचन आणि लेखन नक्की सुधारतं, आणि मला विचाराल तर माणूसही जरा शहाणा होतो. पण बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हे पहिल्या आठवड्यात सांगितलं तर ती तयारीनं बसते. तिसऱ्या सेमिस्टरला कळलं तर ती स्वतःलाच ढ समजायला लागते. असं वाटून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्यात. त्या ढ नव्हत्या, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

आता खरा पेच येतो, तो मायनरचा. आमच्याकडे इंग्रजी घेणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलींच्या डोक्यात एकच वाट असते, बी.ए., मग बी.एड., मग शाळा. वाट चांगली आहे. बी.एड.ला पदवीला किमान ५० टक्के लागतात, आरक्षित वर्गांना नियमानुसार सवलत असते, हे बहुतेकांना माहीत आहे. जे माहीत नाही ते असं की बी.एड.ला शिकवण्याच्या पद्धतीचे विषय, आपण मेथड म्हणतो ते, साधारणपणे पदवीला काय शिकलात यावर मिळतात. इंग्लिश मेजर असेल तर पहिली मेथड इंग्लिश. दुसरी कुठली? ती तुमच्या मायनरवरून ठरण्याची शक्यता जास्त. मायनर मराठी किंवा हिंदी असेल तर भाषा झाली, इतिहास-भूगोल असेल तर सामाजिक शास्त्र झालं. पुढे सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकांच्या जागा निघतात त्याही भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र अशा गटांनी. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दहा मिनिटांत ठोकलेला मायनर चार-पाच वर्षांनी भरतीच्या फॉर्मवर समोर येऊन उभा राहतो.

आणि तो मायनर ठरवतं कोण? बहुतेक वेळा नेट कॅफेवाला. मी त्याला नावं ठेवत नाही. तो बिचारा रात्री दहापर्यंत रांगेतल्या पोरांचे फॉर्म भरतो, पन्नास रुपये घेतो, ड्रॉपडाऊनमध्ये जे पहिलं येतं ते टाकतो. नाहीतर कॉलेजच्या वेळापत्रकानं ठरतं, ज्या विषयाला शिक्षक उरलाय तो मायनर. नाहीतर मैत्रिणीनं ठरवलेलं असतं, कारण दोघींची एस.टी. एक आहे. एस.टी.चं कारण मला तर सगळ्यात रास्त वाटतं, पण त्याच्या जोडीला आणखी दोन कारणं माहीत असायला हवीत की नको?

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच ठेवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. यात विचार करायला वर्षभर मिळतं, हे चांगलं. पण वर्षभरात त्या मुलांशी कोणीच बोललं नाही तर एक वर्ष उशिरा तोच नेट कॅफे.

मध्येच बाहेर पडण्याची सोय हा धोरणाचा मोठा गाजावाजा झालेला भाग. पहिलं वर्ष करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. ऐकायला छान. पण नुसतं पहिलं वर्ष पास झालं की सर्टिफिकेट हातात पडत नाही. ४० ते ४४ क्रेडिट झाल्यावर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, मग ते मिळतं. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे परत यायचं तर तीन वर्षांच्या आत यायचं आणि सगळी पदवी सात वर्षांत संपवायची. आता सांगा, पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडतं कोण? ज्या मुलीचं मे महिन्यात लग्न ठरलंय ती. ज्या मुलाच्या घरी कर्ता माणूस गेलाय तो. ही मुलं टीसी न्यायलासुद्धा स्वतः येत नाहीत, भाऊ येतो, मामा येतो. खिडकीवर त्या भावाला कोणी सांगतं का, की थांब, तिला आणखी चार क्रेडिट केले तर हातात काहीतरी राहील आणि तीन वर्षांत परत येता येईल? ज्यांच्यासाठी ही सोय केली म्हणतात, नेमकी त्यांच्यापर्यंतच ती पोचत नाही.

चौथ्या वर्षाबद्दलही अफवा फार. "आता बी.ए. चार वर्षांचं झालं, एक वर्ष फुकट गेलं," असं लग्नाच्या पंगतीत ऐकलं. फुकट काही जात नाही. तीन वर्षांची पदवी पूर्वीसारखीच मिळते, त्यावर दोन वर्षांचं एम.ए. चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर एम.ए. एका वर्षाचं. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, बेरीज तीच. संशोधनाचा पर्याय हवा असेल तर यूजीसीची अट पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्क्यांची आहे, हे सहावी सेमिस्टर संपल्यावर कळून उपयोग नाही, पहिल्या सेमिस्टरला कळायला हवं. आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि बी.एड. लागणारच, चार वर्षांच्या बी.ए.नं ते चुकत नाही.

ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे ४ क्रेडिट. तासांत मांडले तर साधारण १२० तास. इंग्लिशच्या मुलानं तालुक्याच्या गावी हे कुठं करायचं? आजची पद्धत मी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, लेटरहेडवर शिक्का कुठं मिळतो तेही ठाऊक आहे. पण थोडं डोकं लावलं तर जागा आहेत. स्थानिक साप्ताहिकाचं ऑफिस, सार्वजनिक वाचनालय, इंग्रजी माध्यमाची छोटी शाळा, भाषांतराची कामं घेणारे वकील, निर्यात करणारा द्राक्ष किंवा बेदाण्याचा व्यापारी ज्याला ईमेल लिहिणारं माणूस हवं असतं. यादी करून, चार फोन करून ठेवायला हवेत. पुन्हा तोच प्रश्न, फोन करणार कोण?

तर आता कॉलेजच्या बाजूनं बोलतो, कारण माझे सहकारी हे वाचणार आहेत आणि चिडणार आहेत. सल्ला देणं हे कोणाच्याच कामाच्या तासांत मोजलं जात नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन. बाकीच्या वेळात पेपर तपासणी, समित्या, नॅकच्या फायली. आणि निम्मं शिकवणं तर तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींच्या जिवावर चाललंय. त्यांना तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही, वर्ष संपलं की करार संपला. तासानंतर ती दोन गावं पलीकडच्या दुसऱ्या कॉलेजात पळतात. त्यांनी कुठल्या पगारात बसून मायनर समजावून सांगायचा? तरी त्यातले कितीतरी जण व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला उत्तरं देतात. त्यांच्या चांगुलपणावर अख्खी यंत्रणा चाललीय आणि त्याची नोंद कुठंच नाही.

नोंद म्हटलं की मेंटॉर-मेंटी रजिस्टर आठवतं. नॅकला मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण दाखवावं लागायचं, म्हणून प्रत्येक कॉलेजात हे रजिस्टर आहे. तीसेक मुलांमागे एक शिक्षक, नावं लिहिलेली, सह्या झालेल्या. बऱ्याच ठिकाणी त्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनानं. २०१९ साली यूजीसीनं दीक्षारंभ नावानं नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची मार्गदर्शिका काढली, चांगली आहे. आपण त्याचं काय केलं? हारतुरे, तीन भाषणं, राष्ट्रगीत, वडापाव. सांगाडा सगळा तयार आहे, फक्त त्यात जीव घालायचा राहिलाय.

अमेरिकेत ज्यांची मुलं-भाच्या शिकतायत त्यांना विचारा. तिथंही पदवीला साधारण १२० क्रेडिटच लागतात, मेजर-मायनरही तिथलेच शब्द. पण अनेक विद्यापीठांत सल्लागाराला भेटल्याशिवाय पुढच्या सेमिस्टरची नोंदणीच उघडत नाही, आणि कुठले क्रेडिट झाले, कुठले राहिले हे मुलाला स्क्रीनवर दिसत राहतं. आपण तिथले कप्पे आणले, कप्पे समजावून सांगणारा माणूस आणायचा विसरलो. तसा पूर्णवेळ पगारी माणूस आपल्याला परवडेल असा माझा दावा नाही. पण जमेल तेवढं तरी करा.

माझी मागणी साधी आहे, आणि प्राचार्यांच्या सहीनं होण्यासारखी आहे. प्रत्येक विभागात एका शिक्षकाला आठवड्याला दोन तास सल्ल्याचे म्हणून वेळापत्रकात द्या. ते तास कामात धरा. शिक्षक तासिका तत्त्वावरचा असेल तर त्या तासांचे पैसे द्या, संस्थेच्या निधीतून द्या. कप्प्यांचा एक तक्ता मराठीत करा, एका पानाचा, आणि प्रवेश अर्जासोबत द्या, म्हणजे पालकाला घरी वाचता येईल. आज माहितीपुस्तिका इंग्रजीत असते, तीही आद्याक्षरांत, आणि ती वाचायची कोणी, तर ज्या घरात हीच मुलगी पहिल्यांदा कॉलेजात आलीय त्या घरानं. आणि चौथी सेमिस्टर संपली की प्रत्येक मुलाचे क्रेडिट मोजा. कप्प्यात काय कमी आहे हे तेव्हा कळलं तर भरून काढायला एक वर्ष हातात असतं, सहाव्या सेमिस्टरला कळलं तर हातात फक्त रडणं असतं.

एक सहकारी म्हणाले, "आपल्याकडे पर्यायच दोन, मग सल्ला कसला द्यायचा?" मला उलट वाटतं. पर्याय दोनच असतील तर चुकीचा पडायची शक्यता निम्मी आहे. आणि कॉलेजात तिसरा पर्याय नाही हे मुलीला प्रवेशाआधी सांगणं हाही सल्लाच आहे. ती पंधरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात जाईल म्हणून आपण ते सांगत नाही, हे आतून सगळ्यांना माहीत आहे. पटसंख्या टिकली नाही तर जागा जाते, भीती खरी आहे. पण त्या भीतीची किंमत त्या मुलीनं का मोजायची?

तोपर्यंत पालकांनी आणि मुलांनी काय करायचं? कॉलेजात जा, विभागप्रमुखांना भेटा, घाबरू नका, त्यांना विचारणं हा तुमचा हक्क आहे. विचारा, माझं मेजर काय नोंदवलंय, मायनर काय नोंदवलंय, बदलायची शेवटची तारीख काय, ओजेटी कुठल्या सेमिस्टरला आहे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, पोर्टलवरचं पान छापून घ्या. डिजिलॉकरमधलं क्रेडिट बँकेचं खातं उघडा आणि प्रत्येक सेमिस्टरनंतर क्रेडिट जमा झालेत का बघा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर तिथं अडतं, ते आत्ताच सरळ करून घ्या, विशेषतः जिथं वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर आहे तिथं. बी.एड.चा विचार असेल तर मायनर ठोकण्याआधी जवळच्या बी.एड. कॉलेजात एक चक्कर मारून मेथडचं विचारून या, अर्धा दिवस जाईल.

इंग्लिश मेजरच्या कप्प्यांचा एका पानाचा मराठी तक्ता मी केलाय, आमच्या विभागाच्या दारावर लावलाय. दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांना हवा असेल तर मेसेज करा, फोटो पाठवतो. तुमचं विद्यापीठ वेगळं असेल तर तुमच्या परिपत्रकाशी ताडून मगच वापरा, आकडे थोडे इकडेतिकडे असतात. आणि कोणत्या प्राचार्यांनी आपल्या कॉलेजात सल्ल्याचे दोन तास खरंच वेळापत्रकात टाकले असतील तर ते वेळापत्रक मला पाठवा. आमच्याकडे पुढच्या बैठकीत मला ते टेबलावर ठेवायचंय.